अवलंबून असल्याचा दाखला

आधीच सांगून ठेवते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. देवाशपथ, गळ्याशपथ आणि अमेरिकेतल्या श्रूजबरीत राहते म्हणून आमच्या ड्राइव्हवेवरच्या बर्फाशपथ. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला मी सांगितलेली अस्वलाची गोष्ट ज्यांनी ऐकलीय ते आता हसतील. हसू देत. अस्वल खरंच आलं होतं. त्याने माझ्या हातची पुरणपोळी खाल्ली की कचऱ्याच्या डब्यातली, एवढ्यावर फक्त मतभेद आहेत. ही गोष्ट तशी नाही. हिच्यात कागदपत्रं आहेत.

झालं असं, की माझी नात उर्वी असते व्हिएन्नाला, आणि तिला दिवस गेले. आठवा अर्धा सरला तेव्हा एकदा व्हिडिओवर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "आजी, तू येशील ना?" आवाज साधाच होता. पण ती बारा वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून शाळेच्या कॉन्सर्टच्या आदल्या दिवशी ती अस्संच विचारायची.

"येईन की," मी म्हटलं. "न यायला काय झालं?"

मला वाटलं होतं, तिकीट काढायचं, डिंकाचे लाडू वळायचे, बाळंतशोपा बांधून घ्यायच्या आणि विमानात बसायचं. पण माझा पासपोर्ट अजून भारताचा. म्हणजे व्हिसा आला. व्हिसासाठी अपॉइंटमेंट आली. आणि टूरिस्टवाल्यांची पहिली मोकळी अपॉइंटमेंट होती अकरा आठवड्यांनी. बाळ येणार होतं सात आठवड्यांनी.

शेजारचे डॉक्टर दिगंबर पन्नास वर्षांपूर्वी या देशात आले आणि आता हृदयं तपासणं सोडून लोकांना सल्ले देतात. ते म्हणाले, "वहिनी, दहा वर्षं सांगतोय, सिटिझनशिप घेऊन टाका. आज नुसतं उठून विमानात बसला असतात."

आता याचं उत्तर मी मंडळात हजारदा दिलंय. त्या परीक्षेचे सगळे प्रश्न मला पाठ आहेत. सिनेटर किती, न्यायाधीश किती, झोपेतून उठवून विचारा. पण शेवटी शपथ घ्यावी लागते, आणि शपथ ही मी फार गंभीर गोष्ट मानते. वर घेतल्या त्या सोडून.

मग स्क्रीनवर नातजावई आला. दामिर. क्रोएशियाचा आहे. लग्नानंतर चार वर्षं दोघं माझ्याच घरी राहिली, कारण तो वुस्टरला रिसर्च करत होता. गेल्या वर्षी नोकरी लागली म्हणून व्हिएन्नाला गेली. पोरगा उंच इतका, की देवघरावरून जाताना घंटेला डोकं लागायचं आणि मी न उठता आरती सुरू व्हायची. तो इंग्रजीत बोलतो, मी मराठीत करून सांगते. 'आजी' आणि 'बास' हे दोन शब्द मात्र त्याचे स्वतःचे.

"आजी," तो म्हणाला, "तू टूरिस्ट नाहीस. तू माझी फॅमिली आहेस. त्याला वेगळा कायदा आहे."

क्रोएशिया म्हणे त्या युरोपच्या मंडळात सगळ्यात शेवटी आलेला सभासद. दोन हजार तेरा साली आत घेतलं. पण ऑस्ट्रियाने सांगितलं, या, राहा, मात्र सात वर्षं परमिटशिवाय कामाला हात लावायचा नाही. दामिरचा मामा त्या काळात व्हिएन्नाला गेला, तर नुसता बागेत बसून कबुतरं मोजून परत आला. मला हे समजावून सांगावं लागलं नाही. नव्या सुनेला माप ओलांडून घरात घ्यायचं, हॉलमध्ये बसवायचं, सगळ्यांची ओळख करून द्यायची आणि मग सांगायचं, गॅसला सात वर्षं हात लावू नकोस. आमच्या सासूबाई फार उदार. त्यांनी मला पाचव्या वर्षीच कणीक मळू दिली.

तर ती सात वर्षं केव्हाच सरली, आणि आता क्रोएशियाच्या माणसाला तिथे सगळे हक्क आहेत. तो दुसऱ्या सभासद देशात राहायला गेला तर बायकोला नेऊ शकतो. आणि नुसतं बायकोला नाही, तिच्या आईवडिलांना, आजीआजोबांनासुद्धा. अपॉइंटमेंट लवकर, फी नाही, आणि तीन महिन्यांनी चालते व्हा असंही नाही.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

दामिर थोडा थांबला. डॉक्टर आजाराचं नाव घेताना थांबतात तसा. "आजी, एक अट आहे. तू माझ्यावर डिपेंडंट असायला हवीस."

डिपेंडंट. अवलंबून. अहो, माझ्या आईने माझा मुलगा नरेंद्र होईपर्यंत माझ्या सासरी पाण्याचा थेंब घेतला नव्हता, लेकीच्या घरचं घ्यायचं नाही म्हणून. दारातल्या टांग्यात बसून मला बघून जायची. आणि तिची मुलगी मी, आता सरकारला लिहून देऊ, की मी जावयाच्या जिवावर जगते? तोही माझा नाही, माझ्या मुलाचा जावई.

"दुसरं काही नाही का?" मी म्हटलं. "सन्माननीय पाहुण्या वगैरे?"

उर्वी बाजूने स्क्रीनमध्ये घुसली. "आजी, प्लीज, डिग्निटी नंतर बघू. ड्यू डेट माझी आहे."

 तर कामाला लागलो.

पहिलं, अवलंबून असल्याबद्दल चार लोकांची पत्रं. दिगंबररावांनी पेन उघडलं. पन्नास वर्षं पेशंटच्या नोंदी लिहिलेला माणूस, त्याला पत्र लिहिता येत नाही, नोंदच येते. पहिलं वाक्य होतं, 'ही अठ्ठ्याहत्तर वर्षांची प्लेझंट स्त्री.' मला उभ्या आयुष्यात कोणी प्लेझंट म्हटलं नव्हतं, म्हणून ते वाक्य फार आवडलं. दुसऱ्यापासून मात्र माझी प्रकृती ढासळायला लागली. पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी मला बरणीचं झाकण उघडेना. दुसऱ्यात जिना चढवेना. तिसऱ्यात मी खुर्चीतून उठायलाही नातजावयाच्या आधाराची वाट बघत होते, आणि नातजावई तर चार हजार मैलांवर. मग एवढा वेळ मी बसूनच होते की काय?

"खोटं काही नाही, वहिनी," ते म्हणाले. "फक्त जोर दिलाय."

त्यांच्या बायकोने, प्रतिमाने, पत्र वाचलं आणि चष्मा काढला. "अहो, हे वाचून यांना विमानात कोण चढू देईल?"

म्हणून त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, की पेशंट विमानप्रवासाला ठणठणीत आहे. तारीख तीच, सही तीच. एका कागदावर मला खुर्चीतून उठता येत नव्हतं आणि दुसऱ्यावर मी अटलांटिक ओलांडत होते. प्रतिमाने दोन्ही पत्रं एकाच फाइलमध्ये, पण मध्ये बाकीचे सगळे कागद घालून लावली. मला म्हणाली, "ताई, त्या दिवशी मोत्यांच्या कुड्या नकोत. आणि महिनाभर केस काळे करू नका. जरा थकलेल्या दिसा." थकलेली दिसायला मला काही करावं लागलं नाही. या नवराबायकोचे सल्ले ऐकूनच झालं.

दुसरं, उर्वी माझी नात असल्याचा पुरावा. उर्वीचा जन्मदाखला सोपा, ती इथलीच, त्यावर बापाचं नाव नरेंद्र. आता नरेंद्र माझा मुलगा, हे दाखवायचं. तो जन्मला माझ्या माहेरी. त्या काळी नाव बाराव्या दिवशी ठेवायचे, आणि माझे वडील नगरपालिकेत नोंद करायला गेले तिसऱ्या दिवशी. माणूस कामाला वाघ. त्यामुळे दाखल्यावर आईचं नाव आहे, वडिलांचं आहे, आणि बाळाच्या नावाच्या जागी लिहिलंय 'मुलगा'. पुढे छप्पन्न वर्षं ते बदलायला कोणी गेलं नाही. म्हणजे मला एक मुलगा झाला, याला युरोपची हरकत नव्हती. तो नरेंद्रच कशावरून, एवढं ते विचारत होते.

सिॲटलला नरेंद्रला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. "आई, छप्पन्न वर्षं तुला हाक मारतोय, आता कागदावर मारू का?"

माहेरी माझा भाचा नकुल आहे. त्याला पिटाळला नगरपालिकेत. क्लार्क भला माणूस होता. त्याने अडीच तास वह्या उपसून तेव्हाची नोंद काढली, धूळ झटकली आणि विचारलं, "बाळ आणलंय का?"

"बाळ सिॲटलला आहे," नकुल म्हणाला. "डायरेक्टर आहे."

"मग बाळाच्या आईचा अर्ज आणा."

झालं. टेबलाशी बसले आणि माझ्या हाताने लिहिलं, 'माझ्या बाळाचं नाव नरेंद्र असं ठेवण्यात आलेलं आहे, तरी कृपया नोंद व्हावी.' हसू आलं खरं, पण पेन खाली ठेवल्यावर ते बाळ माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि त्याला टक्कल होतं. तेव्हाही होतं, आत्ताही आहे.

नाव चढायला अकरा दिवस, दाखला हातात यायला आठ, त्याचं भाषांतर करून घ्यायला पाच. बाळाला आता साडेतीन आठवडे राहिले होते. आणि मग प्रतिमाचा फोन आला. "ताई, गूगलवर तुमचं नाव टाकून बघा जरा."

टाकलं. वर आले मीच. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका साप्ताहिकाने माझ्यावर लेख केला होता. फोटोत मी बर्फ उडवायच्या मशीनचा, स्नोब्लोअरचा, दांडा धरून उभी, कमरेला पदर खोचलेला, मागे स्वच्छ ड्राइव्हवे. आणि मधोमध ठळक अक्षरांत माझंच वाक्य. 'मी कोणावरही अवलंबून नाही.'

ती बातमीदार मुलगी इतकी मन लावून ऐकत होती, की मला थांबवेना. स्वतःचा ड्राइव्हवे मी साफ करते, हे सांगितलं. मग डॉक्टरांचाही करते, हे सांगितलं. मग वादळात टपालवाल्याला हाताने ओढून काढलं, तेही सांगितलं. टपालवाल्याचं खरं आहे. फक्त तो बर्फात नव्हता, गाडीत होता. आणि ओढला तो चहाला.

साप्ताहिकाला मेल केली, की लेख काढता येईल का. उत्तर फार गोड आलं. जुने अंक बदलत नाहीत, पण आजींवर आणखी एक लेख करायला आवडेल.

"तुमच्या नावाची दुसरी बाई आहे म्हणा," दिगंबरराव म्हणाले.

"फोटो आहे, दिगंबरराव."

"मग जुळी बहीण."

हे मी थट्टेवारी नेलं नाही. घरी जाऊन तिचं नावसुद्धा ठरवलं. जान्हवी. ती खमकी, मी नाजूक. ती बर्फ उपसते, मी खिडकीतून बघते. अंघोळीच्या वेळी तिच्या लग्नापर्यंत पोचले होते.

मुलाखत न्यूयॉर्कला होती. कुठली वकिलात ते सांगत नाही, माणसं चांगली होती. दिगंबररावांनी गाडी चालवली आणि वाटेत तीन तास माझी तयारी घेतली. "वहिनी, विचारतील तेवढंच बोलायचं." हे त्यांनी हार्टफर्डला सांगितलं, न्यू हेवनला सांगितलं, आणि मी तोवर टोल घेणाऱ्या मशीनशीसुद्धा दोन शब्द बोलले होते.

काचेपलीकडे तिशीची एक मुलगी होती. केस घट्ट बांधलेले, वागणं व्यवस्थित. तिने फाइल उलटी सुलटी सगळी वाचली. 'मुलगा'वर तिचं बोट थांबलं, खालची नवी नोंद वाचली आणि ती हसली. मग डॉक्टरांचं पहिलं पत्र वाचलं, माझ्याकडे बघितलं. दुसरं वाचलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीला जरा धरून उभी राहिले. आणि मग तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"मॅम, या तुम्हीच आहात का?"

जान्हवी जिभेच्या टोकावर होती. मागे दिगंबररावांना खोकला आला. पण त्या मुलीने विचारलं ते इतक्या साधेपणाने, आणि तिच्या टेबलावर ज्या कागदांवर उर्वीची ड्यू डेट होती ते कागद इतके समोर होते, की मला एकदम कळलं, इथे थाप पकडली गेली तर पिकनिकसारखं हसून सोडणार नाहीत. आणि तिकडे व्हिएन्नाला उर्वी एकटी पडेल.

"मीच आहे," मी म्हटलं. "पण मी बर्फ काढलेला नाही. मशीन बंद होतं."

 मग मला थांबवेना, पण या वेळी उलट्या दिशेने. "तो फोटो मोठा करा. डाव्या कोपऱ्यात बघा." तिने मोठा केला. कोपऱ्यात एक निळा हातमोजा आणि फावड्याचा दांडा. "तो माझा नातजावई. सकाळी सहापासून त्यानेच सगळं साफ केलं आणि फोटो काढताना बाजूला सरकला. मीच सरकवला. डॉक्टरांचा ड्राइव्हवेही त्यानेच केला." मागून खोकला थांबला. दिगंबररावांना इतकी वर्षं वाटत होतं तो मीच करते.

आता एक गोष्ट सांगते, जी तुम्हालाही इतका वेळ सांगितली नव्हती. गेल्या वसंतात मी ब्लडप्रेशरची गोळी दोनदा घेतली. एकदा घेतली हे विसरले. स्वयंपाकघरात पडले तेव्हा फोनवर व्हिएन्ना होतं, आणि तिथून दामिरने आधी ॲम्ब्युलन्स बोलावली, मग शेजारी फोन करून दिगंबररावांना किल्ली घेऊन धावायला लावलं. तेव्हापासून रोज सकाळी गोळी तळहातावर ठेवायची, फोटो काढायचा आणि त्याला पाठवायचा. तो लिहितो, 'बास.' मग दुसरी घ्यायची नाही. नऊपर्यंत फोटो गेला नाही तर फोन वाजतो. घराची हीटसुद्धा तोच तिकडून फोनवर लावतो. मला ते बटण कळत नाही, आणि कळत नाही हे मी मंडळात कोणाला कळू दिलेलं नाही.

तेच तिला सांगितलं आणि फोन काचेखालून तिच्याकडे सरकवला. ती बघत राहिली. हात, गोळी, बास. हात, गोळी, बास. एका हाताला बेसन, दिवाळी होती. एका हाताला मेंदी, कोणाचं तरी लग्न. एका फोटोत गोळीच नव्हती, त्याखाली त्याने लिहिलं होतं, 'आजी, हा रिकामा हात आहे.' मी काउंटरकडे बघत होते. असं वाटत होतं, की चारचौघांत कोणी माझं कपाट उघडलंय.

"कधी त्याने उत्तर दिलं नाही, असं झालंय?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "त्याच्या लॅबला आग लागून सगळे रस्त्यावर उभे होते, तेव्हासुद्धा लिहिलं. बास."

तिने काहीतरी टाइप केलं. मग फाइलमधून डॉक्टरांचं पहिलं पत्र काढून परत दिलं. "हे नाही लागणार." दिगंबरराव परतीच्या वाटेवर न्यू हेवनपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. हार्टफर्डला म्हणाले, "पत्रात काय कमी होतं?" आणि घरी पोचून गाडी लावल्यावर, "ड्राइव्हवे तो करायचा?"

नवव्या दिवशी पासपोर्ट आला. आत व्हिसा, आणि त्यावर मी कोणाची कोण ते लिहिलेलं. दोन दिवसांत लाडू वळले. प्रतिमाने ते साडीत गुंडाळून बॅग भरली. बॉस्टनला दोघं सोडायला आली, आणि दिगंबररावांनी ते नाकारलेलं पत्र माझ्या पर्समध्ये घातलं, वाटेत कोणी विचारलं तर असू दे म्हणून.

व्हिएन्नाला घरात पाऊल टाकलं, बॅग ठेवली, हात धुतले. उर्वीने मला मिठी मारली, जेवढी त्या पोटानिशी मारता येईल तेवढी, आणि म्हणाली, "आजी, आय थिंक इट्स टाइम." तिथूनच हॉस्पिटलला. पोर माझ्यासाठीच थांबली होती. मुलगी झाली, आणि आईबापानंतर पहिली माझ्या हातात आली.

बरं. शपथा घेतल्यात म्हणून सांगते.

पोर थांबली नव्हती. ती आली तेव्हा मी समुद्रावर कुठेतरी होते आणि शेजारच्या माणसाला अस्वलाची गोष्ट सांगत होते. विमानतळावर फोन सुरू केला तेव्हा तिला होऊन पाच तास झाले होते. हॉस्पिटलच्या खोलीत मी दारातच उभी राहिले. उर्वी झोपली होती. मला वाटत होतं, इतकं सगळं केलं, लिहून दिलं, कबूल केलं, आणि तिने विचारलं होतं तेव्हा हो म्हटलं ते काही पुरं झालं नाही. तर दामिर, ज्याने आजवर माझ्यासमोर एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, तो पोरीला घेऊन माझ्याकडे आला, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आजी, हिने डोळे आत्ता उघडले. तुझा आवाज ऐकून. तोवर घट्ट मिटून होती."

नर्स मागे उभी होती. ती हसू दाबत होती, ते मी बघितलं. आणि मी तर खोलीत येऊन अजून एक शब्दही बोलले नव्हते.

थापा मारायला तो माझ्याच घरी राहून शिकलाय. या एका बाबतीत तो माझ्यावर अवलंबून आहे, आणि कोणी कागद मागितला तर तसं लिहून द्यायला मी तयार आहे.